मेलेल्यांशी बोलायचा क्लास

माझी थोरली बहीण आयुष्यात माझ्याशी कधी हिंदीत बोलली नाही. बाजारात, बँकेत, शेजारणींशी ती फाडफाड हिंदी बोलायची, पण आम्ही दोघी असलो की आमची मध्य प्रदेशातल्या बालाघाटची, वऱ्हाडी वळणाची मराठीच. ती माझ्याशी हिंदीत बोलली ती मेल्यानंतर, तिच्याच मुलीच्या तोंडून, लग्नाच्या एका हॉलमध्ये, अनोळखी माणसांच्या घोळक्यासमोर. "छोटी, मैं बहुत शांति में हूँ. तुम लोग रोना बंद करो," असं ती म्हणाली म्हणे.

छोटी! मला ती जन्मभर "बाई" म्हणत आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाचीचे डोळे मिटलेले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला तो शिकवणारा माणूस सगळ्यांकडे पाहून समाधानानं मान हलवत होता.

हे असं का झालं ते सांगते.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. कोरोनात माझी बहीण माझ्याच वॉर्डात भरती झाली आणि माझ्याच डोळ्यांसमोर गेली. तिची मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि पॉझिटिव्ह म्हणून घरात कोंडलेली. तिला आईचा चेहरासुद्धा पाहायला मिळाला नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ते शरीर नगरपालिकेच्या गाडीतून गेलं, आणि आईच्या जागी तिच्याकडे आला तो फक्त माझा फोन.

नंतर तिनं मला पुन्हा पुन्हा विचारलं, आई शेवटी काय म्हणाली? मी दर वेळी खरं तेच सांगितलं. मास्कखालून तिनं विचारलं होतं, पोरगी जेवली का? आणि मग, गच्चीवर मुगवड्या वाळत घातल्या होत्या, त्या कोणी उचलल्या का? बस. त्यानंतर ती बोलली नाही.

"इतनाच?" भाची म्हणायची.

इतकंच. मरताना माणसं भाषण देत नाहीत. वॉर्डात मी कितीतरी माणसं जाताना पाहिली आहेत. कोणी पाणी मागतं, कोणी चप्पल कुठे आहे विचारतं. पण या पोरीला ते पुरत नव्हतं, आणि जे तिला हवं होतं ते विकणारी माणसं फोनमध्ये दबा धरून बसलेली होती.

तिचे वडील मलाजखंडला तांब्याच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला, म्हणून ती माझ्याकडेच राहते. एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात नोकरी करते. आधी ती भुताटकीच्या जागा शोधणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहायची. पडकी घरं, हातात टॉर्च, दिवे लुकलुकणारी यंत्रं. मग एक दिवस म्हणाली, "मावशी, मी कोर्स जॉइन केला. मिडियम बनायचा."

"म्हणजे काय वो?"

"म्हणजे जे गेले त्यांच्याशी कनेक्ट व्हायचं. इन्व्हेस्टिगेशन टीममध्ये एक मिडियम लागतेच. मशीन सिर्फ एनर्जी पकडते, बात तो मिडियम ही करती है."

मग घरात सराव सुरू झाला. सकाळी डोळे मिटून बसायचं आणि अंगाभोवती पांढऱ्या उजेडाचं कवच आहे असं मनात आणायचं. मी पाकिटात एखादी वस्तू घालून द्यायची आणि तिनं हात ठेवून ओळखायची. एकदा मी काडेपेटी घातली. ती म्हणाली, "काहीतरी आगीशी संबंधित." मी हसले नाही, पण म्हटलं, "पोरी, खुळखुळ वाजून राह्यली ती." त्यावर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मला तिचा राग येत नव्हता. राग येत होता त्या शिकवणाऱ्याचा. सगळे त्याला "सर" म्हणत. मोठ्या शहरातला, चाळिशीतला, गोड बोलणारा. फोनवर तो तिला सांगायचा, "तुममें गिफ्ट है, पर घर में जो शक करते हैं ना, उनकी निगेटिव एनर्जी तुम्हें रोकती है." म्हणजे मी. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी माझी एनर्जी!

पुढे तो बालाघाटलाच शिबिर घ्यायला आला. मी म्हटलं, मीही येते. भाचीला वाटलं, माझं मन वळलं. मला फक्त हा माणूस डोळ्यांनी पाहायचा होता.

शिबिरात एक खेळ होता. शेजारच्या माणसाची वस्तू हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि मनात येईल ते बोलायचं. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाची बाई बसली होती. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पुरुषाचं घड्याळ, पट्ट्याला सुईनं पाडलेलं नवं भोक, बाईच्या बारीक मनगटावर बसावं म्हणून. दुसरं काय कळायचं राहतं? मी म्हटलं, "हे ज्यांचं होतं ते आता नाहीत. छातीचं दुखणं होतं. तुम्ही त्यांचं खूप केलं, तरी तुम्हाला वाटतं की काहीतरी राहून गेलं."

बाई ओक्साबोक्शी रडायला लागली. सर धावत आले. "मॅम, आप तो नॅचरल हैं! बरसों की साधना वालों को ये नहीं आता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाची माझ्याकडे अशी पाहत होती, जशी लहानपणी जत्रेत पाळण्याकडे पाहायची.

मला शरम वाटली. मी त्या बाईचा हात धरला आणि सांगितलं, "ताई, मले काही दिसलं नाही. घड्याळ पुरुषाचं आहे, भोक नवं आहे. या वयाची पुरुषमाणसं बहुतेक हृदयानंच जातात. आन आपलं माणूस गेल्यावर काही राहून गेलं असं वाटत नाही, अशी बाई मी तं अजून पाह्यली नाही."

मला वाटलं होतं, ती हलकी होईल. तिनं हात झटकून काढून घेतला. "आप रहने दो. आपने पहले जो बोला वो सच था. अब क्यों झूठ बोल रही हो?"

झालं! जे ठोकून दिलं ते सत्य, आणि जे खरं सांगितलं ते खोटं. मी सरांकडे पाहिलं. ते हसत होते. त्या हसण्यातच मला कळलं की या माणसाला सगळं ठाऊक आहे. अडाणी माणसाची चूक मी समजून घेते. पण रडणाऱ्या माणसाला नेमकं कुठे दाबलं की पाझर फुटतो हे माहीत असून तिथंच अंगठा ठेवणारा माणूस? त्याला माफी नाही.

त्यानंतर भाचीची पाळी आली आणि माझी बहीण हिंदीत बोलली. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "ही माही बहीण नाही." सर शांतपणे म्हणाले, "ग़ुस्सा भी शोक का ही रूप है, मॅम." लोकांनी सहानुभूतीनं माना डोलावल्या. तुमच्या रागालाही ते आपल्या धंद्यात जमा करून टाकतात.

परत येताना स्कूटीवर मागे बसून मी भांडले. "तुही माय मले छोटी म्हणत होती का?"

"स्पिरिट वर्ल्डमध्ये भाषा नसते, मावशी."

"मग हिंदी कोठून आली?"

तिनं गाडी जोरात हाणली.

यानंतर जे घडलं त्यापुढे हे सगळं क्षुल्लक होतं. सरांनी ठरवलं, शिकणाऱ्यांना प्रत्यक्ष तपासाचा अनुभव द्यायचा. तिरोडीच्या अलीकडे एका गावात खाणमजुरांच्या जुन्या खोल्या आहेत. त्यांतली एक बंद. तिथली तरुण सून बाळंतपणात गेली, नवरा घर सोडून परगावी निघून गेला, आणि त्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो असं लोक बोलत. सर म्हणाले, परफेक्ट लोकेशन. एक बाई रक्त जाऊन जाऊन मरते, गाडी मिळत नाही, रस्ता धड नाही, आणि या माणसाला ते लोकेशन वाटतं.

मी सोबत गेले. पोरीला या लोकांबरोबर एकटी पाठवणार नव्हते.

दुपारी पोचलो. मॅंगनीजच्या काळ्या धुळीनं अंगणंसुद्धा काळी. बंद खोलीला लागूनच एका विधवा म्हातारीचं घर. ती एकटीच राहायची, विड्या वळून पोट भरायची. आम्ही उन्हातून आलेलो पाहून तिनं स्वतःहून तांब्या भरून पाणी आणलं. तिच्या उजव्या मनगटाला लाल फडकं करकचून बांधलेलं होतं. मी सवयीनं विचारलं, तर म्हणाली, "विड्या वळू वळू ठणकते बाई, बांधलं का बरं वाटते." भाचीनंही तिच्याच हातचं पाणी पिलं.

मग खोली उघडली. यंत्रं मांडली, कॅमेरा लागला. दारात अर्धं गाव जमलं. सरांनी भाचीला मधोमध बसवलं. तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. सर हळू आवाजात विचारू लागले.

"कोई है यहाँ?"

"हाँ... एक औरत."

"उसके हाथ देखो. हाथ में क्या है?"

"लाल... कुछ लाल बँधा हुआ है."

"वो मरी हुई है या ज़िंदा?"

भाची घुटमळली. "पता नहीं."

"महसूस करो. दूर है या पास?"

"पास."

"बहुत पास?"

"हाँ."

"तो कोई ज़िंदा औरत है, जिसने इस आत्मा को यहाँ बाँध के रखा है. सही?"

आणि माझी भाची, माझ्या बहिणीची शिकलीसवरलेली लेक, म्हणाली, "सही."

दारातल्या सगळ्या माना एकदम शेजारच्या अंगणाकडे वळल्या. म्हातारी तिथं रिकामा तांब्या घेऊन उभी होती, मनगटाला लाल फडकं. कोणीतरी तो शब्द उच्चारला. टोनही. आमच्या भागात चेटकिणीला टोनही म्हणतात. हा शब्द एकदा बाईला चिकटला की तिला कुठपर्यंत नेतो ते मी दवाखान्यात पाहिलं आहे. डोकं फोडलेल्या, केस कापलेल्या बाया मी धुतल्या आहेत, टाके घालताना त्यांचे हात धरले आहेत.

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा म्हातारीकडे फिरवला. मी पुढे झाले आणि त्याच्या काचेवर तळहात ठेवला.

"मॅम, आप एनर्जी डिस्टर्ब कर रही हैं," सर म्हणाले.

"तुमची एनर्जी गेली चुलीत! या बाईनं आत्ता पाणी पाजलं तुम्हाला. पोरीनं तिच्या हाताचं फडकं पाहिलं, तेच बोलली. तुम्हाला कळलं नाही? का कळूनच विचारत होते?"

"हमने किसी का नाम नहीं लिया, मॅम."

म्हातारी कुंपणापाशी येऊन मला विचारू लागली, "काय झालं वो बाई? माह्या घराकडे काहून पाहून राह्यले सारे?" मला तिच्याशी नजर मिळवता येईना. मी भाचीच्या दंडाला धरून तिला बाहेर काढलं आणि आम्ही मिळेल त्या गाडीनं घरी आलो.

मी हात लावला तरी कॅमेऱ्यात पुरेसं आलेलं होतं. थोड्याच दिवसांत तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरू लागला, वर भडक अक्षरांत "ज़िंदा चुड़ैल?" असं लिहून. त्या प्रश्नचिन्हाचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. आळ घ्यायचा आणि वर प्रश्नचिन्ह लावून हात झटकायचे.

माझ्यानं राहवेना. मी बस धरून एकटीच त्या गावी गेले. म्हातारीचं दार भरदिवसा आतून बंद. हाक मारून मारून मी नर्सबाई म्हणून सांगितलं तेव्हा तिनं उघडलं. हातपंपावर बाया तिला पाहिल्याबरोबर गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरायचं सोडून निघून जात, मग कोणीतरी तिला येऊच नको असं सांगितलं. विड्यांची पानं देणारा येईना. अंगणात कोणीतरी घाण टाकली होती. ती रडत नव्हती. तिला नुसतं समजत नव्हतं.

"ती सून मेली तवा मीच होती तिच्यापाशी," ती म्हणाली. "दुसरं कोण होतं? तिचं डोकं माह्या मांडीवर होतं. लेकरू रडलं का, इतकंच विचारत होती. लेकरू तं रडलंच नाही. पण मी हौ म्हटलं. आता हे म्हणतात, मीच बांधून ठेवलं तिले."

घरी येऊन मी भाचीला शब्दन्‌शब्द सांगितलं. ती आधी सरांचंच पालुपद म्हणाली. "मैंने किसी का नाम नहीं लिया, मावशी."

"नाव घ्यायची गरजच नसते. एकट्या बाईकडे बोट दाखवलं का गावाले पुरते. तू लाल फडकं पाह्यलं होतं का नाही, पाणी पिताना?"

ती म्हणाली, "पाह्यलं होतं. पर मुझे लगा वो अंदर से आ रहा है. खरंच लागलं मले." तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. ती खोटं बोलत नव्हती. तिला जे शिकवलं होतं ते ती नीट शिकली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. म्हातारीनं तिला ओळखलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पोरी, तुले माहा काय राग होता?" भाची उंबऱ्यावरच खाली बसली. मग मी म्हातारीला म्हटलं, सुनेचं मला सांगितलं ते हिलाही सांगा. तिनं सांगितलं. लेकरू रडलं का, इथपर्यंत आल्यावर लहान पोरीनं आईचा पदर धरावा तसा भाचीनं माझ्या साडीचा काठ मुठीत धरला आणि ती सोडेचना.

आम्ही सरपंचाकडे गेलो. पंचायतीच्या ओट्यावर लोक जमवले. भाची उभी राहिली आणि अडखळत, अर्ध्या मराठीत अर्ध्या हिंदीत बोलली, "मले काहीच दिसलं नव्हतं. आजीच्या हाताचं फडकं पाह्यलं होतं, तेच बोलली. कोई आत्मा नहीं, किसी ने कुछ नहीं बाँधा. ग़लती मेरी है."

मागून एक माणूस म्हणाला, "आता कोणाच्या दबावात बोलून राह्यली?" दुसरा म्हणाला, "तवा तं डोळे मिटून बोलली होती. मिटल्या डोळ्यानं माणूस खोटं बोलत नाही." मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. घसा बसेपर्यंत बोलले.

ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. पलीकडे महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे; आमच्या बाजूला ठाणेदारानं आधी डोकं खाजवलं. पण माणूस बरा निघाला. त्यानं सरांना फोन लावून खडसावलं आणि सरांनी तो व्हिडिओ काढून टाकला. पण लोकांनी आधीच उतरवून घेतला होता, तो अजून कुठे कुठे सापडतो. सरांनी दुसरा व्हिडिओ टाकला, सत्य बोलणाऱ्यांचा आवाज कसा दाबला जातो म्हणून. त्यांचा क्लास जोरात चालू आहे. नव्या बॅचची जाहिरात माझ्याच फोनवर येते. त्या लग्नाच्या हॉलच्या मॅनेजरला मी जाऊन विचारलं, या माणसाला पुन्हा जागा देणार का? तो म्हणाला, "मॅडम, बुकिंग करेगा तो देंगे. हम क्या भूत देखते हैं?"

म्हातारीनं गाव सोडलं नाही. सरपंचाच्या बायकोनं एक दिवस सगळ्यांच्या देखत तिचा गुंड स्वतः भरून दिला, तेव्हापासून हातपंप तिला मोकळा झाला. विड्यांची पानंही येऊ लागली. पण सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही.

भाचीनं कोर्स सोडला. माझ्यावर तिचा राग आहे, आणि तो असू दे. सुटीच्या दिवशी ती माझ्याबरोबर त्या गावी येते. मी म्हातारीच्या मनगटाला पट्टी बांधून देते, भाची विड्यांची पानं भिजवायला मदत करते. आईबद्दल ती आता फार विचारत नाही. मध्ये एकदा म्हणाली, मुगवड्या खरंच उचलल्या होत्या का कोणी? मी म्हटलं, नाही, पाखरांनी खाल्ल्या. ती हसली आणि मग बरीच रडली.

मागच्या खेपेला आम्ही निघालो होतो. बस उभी होती. एक तरुण बाई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन येत होती, आणि म्हातारीच्या दारासमोरून जायला नको म्हणून ती मुद्दाम नाल्याच्या चिखलातून वळसा घालून आली. मी लेकराच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि दवाखान्यात नेऊन दाखव म्हणून सांगितलं. भाचीनं तिला विचारलं, चिखलातून काहून आली? ती सरळपणे म्हणाली, "दीदी, तुम्हीच तं म्हणल्या होत्या ना."

माझं रक्त उसळलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण भाचीनं मला हातानं थांबवलं. ती त्या बाईला घेऊन रस्त्याच्या कडेला बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली: पाणी पिलं, फडकं पाहिलं, डोळे मिटले. बाई ऐकत होती, मधूनच मान हलवत होती, पटलं की नाही ते कळत नव्हतं. कंडक्टर शिट्टी वाजवत होता. मी बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले आणि त्याला म्हटलं, "थांब रे बापा, पोरगी बोलून राह्यली."